रिमोटच्या ट्रकचा मागचा डिफ गळतोय आणि क्राऊन-पिनियन सारखं उडतंय? माझं दुखणं कुठं निघालं ते सांगतो

गेल्या दिवाळीपासनं माझ्या ट्रकनं वैताग आणला होता. रिमोट कंट्रोलवर पळणारा १/१० स्केलचा फोर व्हील ड्राइव्ह मॉन्स्टर ट्रक, ब्रशलेस मोटर, ३ एस लायपो म्हणजे ११.१ व्होल्ट, आणि पळवायची जागा म्हणजे सांगलीत कृष्णेकाठची वाळू नाहीतर आमच्या कॉलनीमागचा काळ्या मातीचा मोकळा प्लॉट. पाच-सहा बॅटऱ्या संपेपर्यंत गाडी झक्कास पळायची आणि मग एक दिवस थ्रॉटल दिला की मागनं कट कट कट. उघडून बघावं तर मागच्या क्राऊनचे दोन-तीन दात सपाट. (डिफ म्हणजे डिफरन्शियल, दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडनं फिरू देणारी गिअरची डबी; क्राऊन म्हणजे तिच्यावर बसवलेला मोठा गिअर आणि त्याला फिरवतो तो छोटा पिनियन.) नवीन सेट मागवायचा, आठवडाभर कुरियरची वाट बघायची, बसवायचा, परत पाच-सहा बॅटऱ्या, परत कट कट. असे तीन सेट खाल्ले. पुढचा क्राऊन मात्र पहिल्या दिवसापासनं तोच आहे, त्याला काहीही झालेलं नाही, आणि हेच माझ्या आधी ध्यानात यायला पाहिजे होतं पण नाही आलं.

कटकट आली म्हणजे डिफच गेला असं लगेच धरू नका. बॅटरी काढून गाडी मांडीवर घ्या, स्पर गिअर (मोटरचा पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) अंगठ्यानं घट्ट दाबून धरा आणि मागची दोन्ही चाकं एकदम पुढं फिरवायचा जोर लावा. सर्र करून मऊ घसरलं तर स्लिपर (झटका आला की घसरणारा क्लच) ढिला आहे, ते पाच मिनिटांचं काम. कट्ट करून दात सुटल्याचं हाताला कळलं तर क्राऊन-पिनियन. काहीच झालं नाही आणि तरी पळताना आवाज येतोय तर मोटरचा पिनियन आणि स्परचं मेश, म्हणजे दात एकमेकांत कसे बसलेत ते बघा, नाहीतर मधल्या शाफ्टचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) सुटून शाफ्टच्या सपाट जागेवरनं सरकलाय का ते बघा. माझ्या एका मित्रानं अख्खा मागचा भाग खोलला आणि शेवटी निघाला काय तर ग्रब स्क्रू.

आता खरी टेस्ट. स्पर तसाच धरून मागचं एकच चाक फिरवा, दुसरं उलटं फिरेल. ते फिरताना हाताला ओढ लागली पाहिजे, घट्ट मधात चमचा फिरवल्यासारखी. माझं चाक सायकलचं पेडल उलटं मारल्यासारखं मोकळं फिरत होतं. म्हणजे आत तेलच नाही. आणि मी तर तीन आठवड्यांपूर्वीच भरलं होतं.

तेल गेलं तर क्राऊनला काय होतं, तो तर डिफच्या बाहेर असतो, असं मलाही वाटायचं. पण बघा, क्राऊनचा स्पीड म्हणजे दोन चाकांच्या स्पीडची सरासरी. एक चाक जमिनीला रुतून थांबलं की दुसरं क्राऊनच्या दुप्पट फिरतं. आत घट्ट तेल असेल तर ते स्पायडर गिअरना (डिफच्या आतले छोटे गिअर) एवढं मोकाट फिरू देत नाही, तेल नसेल तर हवेतलं चाक भिंगरीसारखं फिरतं आणि खाली टेकलं की सगळा झटका एकदम दातांवर. हे झालं एक. दुसरं जास्त वाईट आहे. डिफमधनं गळलेलं तेल जातं कुठं, तर डिफ ज्या पेटीत बसतो त्या हौसिंगमध्येच, आणि तिथं क्राऊनला लावलेल्या ग्रीसमध्ये मिसळून ते ग्रीस पातळ करतं आणि फिरण्याच्या जोरानं सगळं भिंतींवर फेकलं जातं. दातांवर उरतं नुसतं सिलिकॉन तेल. सिलिकॉन तेल रबराला चांगलं, प्लॅस्टिकला चांगलं, पण स्टीलवर स्टील घासतंय तिथं त्याची फिल्म टिकत नाही. म्हणजे मी तीन सेट ज्या रोगासाठी बदलले तो रोग तिथं नव्हताच.

हे कळायच्या आधी मी काय काय उद्योग केले तेही सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे तेच करत असणार.

पहिलं म्हणजे तेल घट्ट करत गेलो. आधी १० हजार सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचं माप) होतं, मग ३० हजार टाकलं, मग ५० हजार. घट्ट तेल हळू गळतं एवढंच, गळायचं थांबत नाही. वर गाडी वळायला हट्टी झाली ते वेगळं. दुसरं, झाकणाच्या जॉइंटला गाडीच्या इंजिनला लावतात तो लाल सिलिकॉन गॅस्केटचा ट्यूब लावला. सिलिकॉन तेलाचा अंश राहिलेल्या जागेवर तो पकडच घेत नाही, दुसऱ्या दिवशी चिंगमसारखा सोलून हातात आला. तिसरा उद्योग सगळ्यात भारी. म्हणलं ओ-रिंगच (शाफ्टभोवती सील करणारी गोल रबरी रिंग) बदलू, आणि ऑइल सिलिकॉनचं आहे तर रिंगपण सिलिकॉनची घेऊ, जमेल जोडी. हायड्रॉलिकच्या दुकानातनं नारिंगी रंगाच्या सिलिकॉन रिंगा आणल्या. नेमकं उलटं आहे हो. सिलिकॉन रबर सिलिकॉन तेल पिऊन फुगतं, शॉकमधल्या पातळ तेलात लवकर आणि डिफच्या घट्ट तेलात हळूहळू. फुगल्या की मऊ पडतात आणि शाफ्टवर घासून कडा तुटतात. डिफला लागते काळी नायट्रिलची रिंग. घेताना आतला व्यास आणि रबराची जाडी दोन्ही व्हर्नियरनं मोजून घ्या, नुसती डोळ्यानं जुळवलेली रिंग बसते पण सील करत नाही.

मग एका रविवारी दाजी आले. त्यांचं तासगाव रोडला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, आणि ते माझ्या गाडीला "खेळणं" म्हणतात. मी टेबलावर सगळं पसरून बसलेलो.

"काय करायलायस?"

"डिफ गळतोय दाजी. सील बदलून बदलून दमलो."

"त्यात ९० नंबर घाल की. आमच्या ट्रॅक्टरला तेच चालतंय."

हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देणार म्हणून सांगतो. ९० नंबर हा गिअर ऑइलचा एसएई ग्रेड आहे, सीएसटीचा आकडा नाही. एसएई ९० तेल १०० डिग्रीला साधारण १४ ते १८ सीएसटी भरतं आणि ४० डिग्रीला दोनशेच्या आसपास. आपलं डिफ ऑइल १० हजारापासनं पुढं. म्हणजे ९० नंबर टाकणं म्हणजे त्या छोट्या डबीत जवळजवळ पाणीच टाकणं. ट्रॅक्टरच्या डिफमध्ये तेल वंगणासाठी असतं, चाक रुतलं तर त्याला डिफ लॉकचं पेडल आहे. आपल्याकडं पेडल नाही, तेलच लॉकचं अर्धं काम करतं.

पण दाजी पुढं जे बोलले त्यानं काम झालं. त्यांनी आउटड्राइव्ह, म्हणजे डिफमधनं चाकाकडं निघणारा शाफ्ट उचलला, उजेडाकडं धरला आणि अंगठ्याचं नख त्याच्यावरनं हळूच ओढलं. नख मध्येच अडकलं. "सील बदलून काय करतोस लेका, शाफ्टच खाल्लाय की."

मी बघितलं तर ओ-रिंग बसते बरोबर त्या जागी शाफ्टला गोल चकचकीत रेघ पडलेली. केसाएवढी. नुसत्या डोळ्यांना ती पॉलिशच वाटते, मी चार वेळा पुसून परत बसवला होता तो शाफ्ट. नखाला मात्र खाच कळते. ट्रॅक्टरच्या ऑइल सीलचं हे रोजचं आहे म्हणे, बारीक माती सीलच्या ओठात अडकते आणि रबर मऊ असलं तरी त्यात रुतलेला कण झिरो पेपरचं काम करतो, रबर तसंच आणि लोखंड झिजतं. आपल्या नदीकाठची बारीक वाळू आणि पुराचा वाळलेला गाळ यासाठी एक नंबर. तुम्ही कितीही नवी रिंग टाका, खाचेत ती टेकतच नाही.

कुठनं गळतंय हे नक्की करायचं असेल तर ही पद्धत करा. डिफ बाहेरनं कोरडा पुसा, झाकणाच्या जॉइंटला आणि दोन्ही शाफ्टच्या मुळाला टाल्कम पावडर भुरभुरवा, आणि वर्तमानपत्रावर एका आउटड्राइव्हवर उभा करून रात्रभर ठेवा, दुसऱ्या रात्री उलटा. जिथनं तेल येतं तिथं पावडर ओली होऊन गडद पडते. माझी जॉइंटची पावडर सकाळी पांढरीशुभ्र आणि डाव्या शाफ्टभोवती ओलं कडं. मग काट्यावर वजन. सोनाराकडं असतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. डिफ बांधला की पुसून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. त्या आठवड्यात तीन बॅटऱ्यांत माझं ०.४१ ग्रॅम कमी झालं होतं. आत तेलच जेमतेम सव्वादोन ग्रॅम बसतं, म्हणजे बघा.

खाच नखाला जेमतेम जाणवत असेल तर शाफ्ट ड्रिलमध्ये धरून २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून फिरवला तर एखादा सीझन निघतो. नख अडकत असेल तर नवा आउटड्राइव्ह घ्या, वाद घालू नका. दाजी म्हणाले आम्ही सील थोडं आत-बाहेर करून नव्या जागेवर बसवतो, पण आपल्या डिफमध्ये जादा शिम (पातळ पत्र्याची चकती) टाकून शाफ्ट सरकवला तर आतले बेव्हल गिअर एकमेकांत आवळतात. मी करून बघितलं. जाम झाला.

आता बांधणी. आईची स्टीलची परात घ्या, त्यात पांढरं कापड पसरा. हसू नका, ०.२ मिलिमीटरची शिम फरशीवर पडली तर ती परत मिळत नाही, माझ्या दोन अजून दिवाणाखाली आहेत. धातूचे पार्ट पेट्रोलच्या बोळ्यानं पुसा, दार उघडं ठेवून आणि बॅटऱ्या लांब ठेवून. प्लॅस्टिकची केस आणि झाकण कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं ब्रश मारून धुवा, दोन-तीनदा धुवावं लागतं कारण सिलिकॉन लवकर सुटत नाही. ओ-रिंग पेट्रोलमध्ये टाकू नका. आणि सॅनिटायझरवाल्या अल्कोहोलनं हे तेल निघत नाही, नुसतं इकडचं तिकडं होतं.

ओ-रिंग कोरडी बसवायची नाही, कधीच नाही. बोटावर डिफ ऑइलचाच थेंब घेऊन रिंग चोळा, केसमधल्या खोबणीत पण लावा, मग शाफ्ट सरळ न दाबता फिरवत फिरवत आत सोडा. शाफ्टच्या टोकाला पिनचं भोक असतं आणि त्याची कड धारदार असते, नवी रिंग तिथंच चिरते आणि आपल्याला वाटतं मालच डुप्लिकेट होता. शाफ्ट आत गेला की शिम, पिन, मोठा बेव्हल गिअर, मग क्रॉस पिनवर चार स्पायडर. आधी तेल न टाकता सगळं हातानं फिरवून बघा. कोरडं असताना खरखर लागत असेल तर तेल टाकून ती फक्त लपते.

तेल किती, तर स्पायडर गिअर बुडून क्रॉस पिन जेमतेम झाकली जाईल एवढंच. मी आधी काठोकाठ भरायचो, जास्त तेल म्हणजे जास्त दिवस टिकेल असा हिशोब. होतं उलटं, पळताना तेल गरम होऊन प्रसरण पावतं, आत हवेला जागाच नसेल तर ते सगळ्यात कमजोर जागेतनं बाहेर येतं, म्हणजे ओ-रिंगमधनं. वरनं एक-दीड मिलिमीटर मोकळं पाहिजे. भरल्यावर शाफ्ट हळूहळू फिरवा, बुडबुडे वर येतील, झाकण न लावता कापड टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी लेव्हल परत बघा, हमखास खाली गेलेली असते. ३० हजारचं तेल डिसेंबरच्या सकाळी गुऱ्हाळावरच्या गार काकवीसारखं उतरतं, बाटली उलटी धरून चहा पिऊन या.

कागदी गॅस्केटला दोन्ही बाजूनं तेलाचा हात फिरवा. चार स्क्रू समोरासमोर थोडे थोडे आवळायचे, मोटरसायकलच्या हेडसारखे. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवा, एका जागी तो टक्क करून खाली बसल्याचं बोटाला कळतं, म्हणजे जुन्या आट्यात बसला, तिथनं पुढं आवळा. सरळ आवळला तर नवा आटा पाडतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी भोक मोकळं. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावतात ते) फक्त धातूत धातू जातो तिथं. प्लॅस्टिकमध्ये ते नीट सुकत पण नाही आणि काही प्लॅस्टिकला तडे पाडतं.

नंतर क्राऊन-पिनियनचं अंतर. दात ज्या बाजूला तोंड करून आहेत त्याच्या उलट बाजूच्या बेअरिंगला शिम टाकली की क्राऊन पिनियनकडं सरकतो. ०.१ नं सुरुवात करा. हौसिंग बंद करून स्क्रू पूर्ण आवळा, अर्धवट आवळून केलेली तपासणी खोटी असते, मग पिनियनचा शाफ्ट चिमटीत धरून एक अख्खा फेरा फिरवा. कुठंही आवळायला नको आणि पुढंमागं हलवल्यावर बारीक टिक टिक एवढाच प्ले (मोकळीक) पाहिजे. एका जागी घट्ट आणि एका जागी सैल लागलं तर क्राऊन तिरका बसलाय किंवा बेअरिंग गेलंय. बेअरिंगचं बघताना आउटड्राइव्ह धरून वरखाली हलवा, खुळखुळलं तर नवीन घ्या. त्याचं माप बाहेरच्या कडेला नाहीतर पार्टच्या यादीत असतं, सांगली-मिरजेत कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात विचारा, रबर सीलचं टूआरएस मागा, पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड आपल्या मातीत टिकत नाही.

ग्रीस म्हणून मी सध्या ट्रॅक्टरवाल्यांचं एपी-३ लावतो. लिथियमचं, व्हील बेअरिंगचं, दातांना चिकटून राहतं. काळं मॉलीवालं मिळालं तर उत्तम. ब्रशनं दाता-दातांत भरा, पण हौसिंग ठासून भरू नका. आणि प्लॅस्टिकच्या बॉडीला किंवा लाइटच्या काचांना हे ग्रीस लावू नका, पॉलिकार्बोनेटला पेट्रोलियमचं काही चालत नाही. गंज सोडवायचा स्प्रे मारून वंगण झालं असं समजणाऱ्यांना हात जोडतो, तो स्प्रे होतं नव्हतं ते ग्रीस धुऊन काढतो.

गिअरबॉक्समध्ये एवढी भानगड नाही. नायलॉनच्या गिअरला बोटावर पुसट दिसेल एवढंच ग्रीस, आयडलर (मधला गिअर) स्टीलचा असेल तर त्याला थोडं जास्त, बेअरिंगला शिवणमशीनच्या तेलाचा एकेक थेंब, स्लिपरच्या पॅडला काहीही नाही, हात लागला असेल तरी पुसा. स्लिपरचा नट पूर्ण आवळून अर्धा ते पाऊण फेरा सैल करा, मातीवर गाडी एकदम सोडल्यावर सुरुवातीला फूटभर घसरल्याचा आवाज आला पाहिजे. मी स्लिपर कायम टाइट ठेवायचो, जास्त पिकअप मिळतो म्हणून, आणि वाळूतनं उडून खाली आलेला प्रत्येक झटका सरळ क्राऊनवर. तीन सेट गेले त्यात याचाही हात आहे हे कबूल करतो. मोटरच्या पिनियनचं मेश लावताना वहीच्या कागदाची पट्टी मधे घालून मोटर दाबून स्क्रू आवळा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा, तिच्यावर दातांच्या घड्या उमटलेल्या पाहिजेत पण फाटायला नको. पिनियन बदलताय तर पिच, म्हणजे दातांचं माप बघा. ३२ पिच आणि ०.८ मोड्यूल एकमेकांना चालून जातं, ४८ पिच आणि ०.६ अजिबात नाही, दिसायला सारखेच दिसतात आणि पहिल्या बॅटरीत स्परचा भुगा.

सगळं बांधून झाल्यावर मी ऐटीत प्लॉटवर गेलो, थ्रॉटल दिला, आणि गाडी जागच्या जागी थरथरायला लागली. पुढची चाकं पुढं, मागची मागं. डिफ हौसिंगमध्ये उलटा घातला होता, क्राऊन पिनियनच्या दुसऱ्या बाजूला. दोन बैल दोन दिशांना ओढतायत असा प्रकार. स्लिपर नीट लावलेला होता म्हणून वाचलो, नाहीतर चौथा सेट तिथंच गेला असता. म्हणून बॅटरी लावायच्या आधी गाडी हातात उचलून स्पर फिरवा आणि चारही चाकं एकाच दिशेनं जातायत का ते बघा.

आता नवा आउटड्राइव्ह, नायट्रिल रिंगा, मागं १० हजार, पुढं ३० हजार. बांधल्यावर वजन ३४.६२ ग्रॅम होतं. नऊ बॅटऱ्या झाल्या, काल खोलून पुसून परत काट्यावर ठेवला, ३४.६०. क्राऊनवर ग्रीस लावलं तसंच काळपट चिकटून आहे. पुढचा डिफ अजून खोलला नाही, पण त्याच्या शाफ्टवरनं नख ओढून बघितलं तर उजव्या बाजूला किंचित काहीतरी लागतंय, आणि दाजी येत्या रविवारी येणार आहेत.